पुठ्ठ्यावरचा थेंब

८ ऑक्टो. २०१२, सोम.
सकाळी अंगणवाडीला निघाले तर गाडीखाली काळं डबकं. जूनपासून ट्रक अंगणातून हललेला नाही, उभ्या गाडीला गळायला काय झालं? हे ओट्यावर चहा पीत होते. उजव्या हातात कप, डावा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. म्हणाले, "मागच्या डिफरन्शियलचं सील गेलंय. उभी राहून रबर वाळला." डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी भोपळा. मग त्या डबक्याकडं बघतच बसले. चहावर साय आली तरी.

संध्याकाळी नीलेशचा फोन, कामोठ्याहून. ट्रकला गिऱ्हाईक आणलंय त्यानं, उरणकडचं. दसरा झाला की बघायला येतो म्हणे. "आई, तू बाबांना सांग." मी का सांगू? म्हटलं, तुझा बाप आहे, तू सांग. तर म्हणतो, "तुझा नवरा आहे." वा रे वा! शिकवलं कुणी याला?

९ ऑक्टो.
शेवटी मीच सांगितलं. भाकरी वाढताना, म्हणजे तोंडात घास असताना. ह्यांनी कालवण ओढून घेतलं, दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "गलती गारी इकायची नाय. लोक माजा नाव घेऊन काय बोलतील? बाळारामनं फडकं मारून गळ्यात बांधली. आधी सील बदलनार."
गॅरेजला देऊ म्हटलं.
"गॅरेजपरत कोन नेल? दुसऱ्याच्या हातात चावी नाय देनार. इथंच खोलू."
कोण खोलणार, हात कुठाय, हे मी बोलले नाही. देवाशपथ. पण तोंडावर आलं असणार माझ्या, कारण ते उठले. अर्धी भाकरी ताटात.
माझं तोंड! बंद असलं तरी बोलतं.

१० ऑक्टो.
मनातलं लिहून टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल. मला गाडी जायला हवी आहे. जूनमधे न्हावाशेव्याच्या गेटबाहेर लायनीत उभे असताना ह्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून खाली पडला आणि वर आलाच नाही. मागचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून शिव्या द्यायला उतरला, म्हणून कळलं. लायनीत होते म्हणून वाचले. पळस्प्याच्या फाट्यावर झालं असतं तर? मला अजून ते दिसतं, न झालेलं.
पाय बरा झाला, बोलणं बरं झालं. हात नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ द्या, कामाला लावा. पण ह्यांना घरातलं काम सांगितलं की चेहरा पडतो. मटार सोलायला दिले तर एका हातानं सोलले आणि वाटीभर मटारांकडं असं बघितलं, की मलाच लाज वाटली. तेव्हापासून दिले नाहीत.

११ ऑक्टो., गुरु.
पनवेलला जाऊन युसुफभाईंना भेटले. ह्यांचे जुने मिस्त्री. ह्यांची पहिली गाडी, दुसरी गाडी, सगळ्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. आता गॅरेज पोराकडं, गुडघे गेले म्हणून ते मोहल्ल्यात घरी. सगळं सांगितलं. दाढीतून हात फिरवत ऐकलं.
"भाभी, येतो मी. पन एक आहे. मी गाडीखाली झोपलो तर मला बाहेर काढायला दुसरा जॅक लागेल. मी खुर्चीवर बसून बोलनार."
"आणि खाली कोण जाणार?"
माझ्याकडं बघून हसले. अहो, हसताय काय!

सील घेतलं बाजारातून. एवढंसं रबराचं कडं, तळहातावर मावतं. ह्याच्यासाठी एवढा तमाशा.

१४ ऑक्टो., रवि.
लिहायला बोटं वळत नाहीत. नखांत ग्रीस. तरी लिहिते, नाहीतर विसरेन.

नीलेश आला सकाळी. नवी पँट घालून आला, म्हणजे काम करायची इच्छा नव्हती हे उघड. पण बापाला एका हातानं जॅक ओढताना बघितलं आणि गपचूप बाह्या दुमडल्या. मागची चाकं वर घेतली, खाली लोखंडी घोड्या लावल्या. ऑईल परातीत काढलं. दोन्ही बाजूचे एक्सल ओढून काढले, म्हणजे आतलं चाकांपासून मोकळं होतं. मग पुढून मागे येणारा तो लांब शाफ्ट सोडवायचा होता. वजन केवढं! ह्यांनी आईंचं जुनं लुगडं मागितलं. आई म्हणजे माझी सासू. ती दारातच बसलेली, "मना जिता असताना लुगरी फारताव का रं!" पण दिलं. शाफ्ट लुगड्याच्या झोळीत घेऊन हळूहळू खाली सोडला, बाळ पाळण्यात घालतात तसा.

युसुफभाई खुर्चीवर, हातात चहा. "डावीकडचा बोल्ट आधी. जोर नको. हां."

गाडीखाली मी आणि हे. पाठीला पोतं. लग्नानंतर दिवसाढवळ्या इतक्या जवळ आम्ही कधी झोपलो नव्हतो. मला हसू आलं. हे म्हणाले, "काय झाला?" म्हटलं, काय नाय, पंचवीस वर्षं उशीर झाला. तेपण हसले. बाहेर युसुफभाई जोरात खोकले.

सिलाच्या तोंडावरचा मुख्य नट खोलायच्या आधी ह्यांनी खूण करायला सांगितली. नट आणि आतून येणाऱ्या दांड्याचं टोक, दोन्हीवरून एकच रेघ जाईल अशी. परत बसवताना रेघेला रेघ मिळाली की झालं. खडू तेलात टिकेना. मग माझी लाल नेलपॉलिश आणली, संक्रांतीच्या वाणात आलेली, बाटली कधी फोडलीच नव्हती. नटाला लावली. माझ्या नखांआधी नटाचा नंबर.

मग म्हणाले, "आता ती थाळी हातानं फिरव." ज्या गोल थाळीला शाफ्ट जोडतात ती.
"मी का? तुम्ही फिरवा."
"मी उजव्यानं फिरवतो, पन नट किती घट्ट हाय, दोन्ही हातांत घेऊन कलायचा. आता नाय कलत मना." एवढं सरळ त्यांनी जूनपासून एकदाही कबूल केलं नव्हतं.
फिरवली. "कसा वाटतो?"
काय सांगू? म्हटलं, "जात्यात दाने संपत आले की खुंटा हातात येतो ना, तसा. एकदम मोकला नाय. थोडे दाने अजून हायेत आत."
ह्यांनी वरच्या लोखंडाकडं बघत डोळे मिटले. "ध्यानात ठेव."
बाहेरून युसुफभाई, "माशाल्ला. हे माप कंपनीच्या पुस्तकात पन नाय."

नट नीलेशनं पाईप लावून सोडवला. जुनं सील निघालं, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक. पण थाळीच्या गळ्यावर जिथं सील घासत होतं तिथं बारीक खाच पडलेली. युसुफभाईंनी नखानं चाचपली. म्हणाले नवं सील पार आतपर्यंत ठोकायचं नाही, केसभर बाहेर ठेवायचं. म्हणजे ते खाचेत न बसता ताज्या जागेवर बसेल. चालेल, पण भरवसा नाही. "गळलं तर गळलं. मग परत खोलू."

आणि एवढं सगळं झाल्यावर बघतो तर मी आणलेलं सील मापाचं नाही. ढिलं. दुकानदाराला फोन, म्हणतो मुंबईहून मागवतो, थांबा. गाडी तशीच उघडी.

निघताना नीलेश, "बाबा, एवढं करून विकायचीच आहे ना?"
"हां."
एकच अक्षर. नीलेशनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या पँटवरचा डाग बघितला.

१६ ऑक्टो., घटस्थापना
आईंचा घट बसला. घरात वशाट बंद, मासळी-मटण काही नाही, ह्यांचं तोंड वाकडं. सगळे सुटे भाग ओट्यावर पोत्यावर मांडलेत, वर दुसरं पोतं. हे रोज सकाळी पोतं उचलून बघतात आणि परत झाकतात. कोण नेणारे ते नट?

१८ ऑक्टो.
व्यायाम शिकवणारी बाई आली. डाव्या हातानं बाटलीचं झाकण उघडायचं, लावायचं. एवढंच रोज करा म्हणाली. खोबरेलाची रिकामी बाटली दिली ह्यांना. ती असेपर्यंत केलं. बोटं झाकणावर नुसती घसरत होती. ती गेल्यावर बाटली भिंतीवर फेकली.
मी उचलली, काही बोलले नाही. (लिहून ठेवते, मी काही बोलले नाही.) तीच बाटली धुऊन तिच्यात परातीतलं गिअर ऑईल भरलं, थोडं वर घालायला लागेल म्हणून. हे बघत होते. "झाकन नीट लाव. सांडल."
लावलं. घट्ट.

२० ऑक्टो.
दुपारी अंगणवाडीतून आले तर हे ट्रकच्या केबिनमधे. दार बंद, काचा वर, ऑक्टोबरचं ऊन, भट्टी नुसती. मी हाक मारणार होते. मग बघितलं. उजव्या हातानं डावा हात उचलून गिअरच्या गोळ्यावर ठेवत होते. ठेवला की तो पडायचा. परत ठेवायचे. चिडत नव्हते. माझ्या अंगणवाडीत पोरं अक्षर गिरवताना असं तोंड करतात.
हाक मारली नाही. मागच्या दारानं घरात गेले आणि भांडी जोरात आपटली, म्हणजे मी आले हे कळावं.

२२ ऑक्टो.
सील आलं. मापाचं आहे, स्वतः युसुफभाईंनी बघून पाठवलं. ते बकऱ्याच्या बाजारात अडकलेत, शनिवारी ईद. दसऱ्याला येतो म्हणाले.
रात्री सगळे भाग डिझेलनं पुसून परत मांडून ठेवले. लाल रेघ जागेवर.

२३ ऑक्टो., खंडेनवमी
अरे देवा.
दुपारी आले. ओटा सारवलेला, रांगोळी. पाटावर पान्हे, हातोडा, जॅकची दांडी, कोयता, माझा विळा, सगळं ओळीनं. झेंडूची फुलं. आणि मधोमध ट्रकचा नट आणि ती थाळी, चकचकीत. चिंच लावून काथ्यानं घासलेली! देवाची तांब्याची भांडी घासते तशी आईंनी घासली. हळदकुंकू. नव्या सीललापण कुंकवाचं बोट.
मी वाकून नट बघितला. लाल रेघ गेली.
"आय, यावर लाल खून होती."
"ती? मना वाटला कुना पोरीनं रंग लावलान. देवापुरं असा घान मांरायचा का?" आणि किती खूश होती! सकाळपासून एकटीनं वाकून घासत बसलेली, ऐंशीच्या घरातली बाई. "बालाचा धंदा हाय तो. त्याची पूजा नको?"
हे बाहेर आले. मी म्हटलं आता काही खरं नाही. नटाकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि हसायला लागले. पोट धरून. जूनपासून ह्यांचं असं हसणं ऐकलं नव्हतं. वाकून पाया पडले आईच्या. "आय, तू तं कंपनीपेक्षा चकचकीत केलास."
ती म्हणते, "मंग!"

खूण गेली ती गेली. आणि पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही, म्हणजे आज काही करताही येत नाही. संध्याकाळभर सगळे ओट्यावर बसून नटाकडं बघतोय. युसुफभाईंना फोन केला तर तेपण हसले. मग गंभीर झाले. नट कमी आवळला तर खेळतो, जास्त आवळला तर आतली बेअरिंग जळतात. पूर्वी बाळाराम हातानं सांगायचा बरोबर, म्हणाले. "आता भाभी, तुमचं जातं."
झोप येईना. हातात खुंटा आणून बघितला मनातल्या मनात. किती दाणे होते?

२४ ऑक्टो., दसरा
बसलं!!
नीट लिहिते.
युसुफभाई इस्त्रीच्या सदऱ्यात आले. आईंनी सोनं दिलं, त्यांनी आपट्याचं पान डोळ्यांना लावून खिशात ठेवलं. नीलेश आणि सूनबाई पण आले, गोडधोड घेऊन. नीलेश जुनी पँट घालून आला यावेळी. मी बघितली ती.
सील ठोकायला सपाट काहीतरी हवं होतं, तिरकं जाता कामा नये. माझा जुना पोळपाट गेला कामी. सूनबाई म्हणे, "आई, पोळपाट?" म्हटलं, तू आता नवा आणून दे. हळूहळू, मीच चारी बाजूंनी टकटक ठोकलं. युसुफभाई बाहेरून, "बस! केसभर बाहेर ठेवा." ठेवलं.
थाळी चढवली, नट चढवला. नीलेश पाईपला. मी थाळीला.
"फिरव."
"एकदम हलका."
"आवल रं."
"अजून हलका. रिकामा जाता."
"आवल."
असं चाललं. घामानं माझे डोळे झोंबत होते, आणि एकदम वाटलं की मला काही आठवत नाही, मी उगाच बोलतेय, ह्यांची गाडी माझ्या थापेवर जळणार. रडायलाच आलं. तसं म्हटलंही, "मना नाय कलत वो."
तेव्हा ह्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. जड, गरम. "आता फिरव. घाई नाय."
दोघांचे हात घेऊन फिरवली.
नीलेशनं अजून जरासं आवळलं. आणि आले. दाणे आले हातात. अगदी तेवढेच. मी ओरडले, "बस, बस, बस!"
ह्यांनी विचारलं, "थोडे हायेत ना आत?"
"हायेत."
युसुफभाई बाहेरून, "अल्ला खैर करो. पिन मारा."
मी बाहेर आले तर सूनबाई डोळे पुसत होती. डिझेलचा वास जातो म्हणे डोळ्यांत. हो बाई, जातो.

२६ ऑक्टो.
काल शाफ्ट चढवला, ऑईल भरलं. बाटलीत उरलेलं मी झाकण घट्ट लावून ओट्यावर तुळशीमागे ठेवलंय.
आज गाडी हलली.
डॉक्टरांनी रस्त्यावर चालवायला मनाई केली आहे. रस्त्यावर नेलीच नाही. आमच्या शेताच्या बांधापर्यंत आणि परत, मोकळं माळरानच आहे. ह्यांनी मला डावीकडं बसवलं. "दोन्ही पाय माजे, स्टेरिंग माजा. गिअर तुजा."
"मी?"
"मी सांगीन तवा टाक."
पहिला टाकला तर गाडीनं असा आवाज केला, की आई दारातून आत पळाली. "अगो, खलबत्ता कुटतीस का? क्लच दाबू दे मना!" दुसऱ्याला जमलं. तिसऱ्याला "शाबास" म्हणाले. मला! ह्या माणसानं मला कधी शाबास म्हटलेलं आठवत नाही, पंचवीस वर्षांत एकदाही.
"दुसरा." टाकला. "तिसरा." टाकला. बांधाशी वळताना मी त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते, म्हणजे रस्ता नव्हताच तिथं, गवत होतं. पण ते रस्ता बघत होते. माझा नवरा परत आला होता, मागे टेकून बसलेला, काच खाली, उजवं कोपर बाहेर.
आता काय करू? मला गाडी जायला हवी होती. आता मला माहीत नाही काय हवंय. खरंच नाही माहीत.

२८ ऑक्टो., रवि.
गिऱ्हाईक आलं. मला वाटलं होतं कुणीतरी दात काढणारा दलाल असेल, म्हणजे भांडता आलं असतं. कसलं काय. शांत माणूस, उरणच्या मोरा बंदरावरचा, आधी होडी होती म्हणाला. बूट काढून केबिनमधे चढला. मला तेव्हाच आवडला, त्याचाच राग आला.
ह्यांनी सगळं दाखवलं. कुठं ठोकर लागली, कुठला स्प्रिंगचा पाटा बदलला. काहीच लपवलं नाही. सील नवं आहे म्हणाले.
"कुनी टाकला?"
"माज्या बायकोनं."
तो हसला नाही. वाकून खाली बघून आला. म्हणाला, "दादा, गारी पोरीवानी संभालली हाय तुमी. मना पसंत हाय. आज रातला खाली कोरा पुठ्ठा ठेवा. सकाली कोरा निघाला तं मी दुपारी येऊन घेऊन जातो. थेंब असला तं आधी काम होऊ दे, मग दिवालीनंतर बघू." नीलेश म्हणाला, योग्य आहे. योग्यच आहे. सगळे इतके योग्य वागतायत, की माझं डोकं दुखायला लागलं.
नीलेश जाताना ओट्याखाली थांबला. "आई, मी वाईट करत नाहीये ग. मला पुन्हा तो फोन नकोय." जूनचा फोन त्यालाच गेला होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यापेक्षा उंच आहे, वाकला माझ्यासाठी.

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा ह्यांनी स्वतः ठेवला, सिलाच्या बरोब्बर खाली. जेवले, झोपले. व्यायाम केला नाही. मी म्हटलं पण नाही कर.

२९ ऑक्टो., सोम., कोजागिरी
कोंबडं आरवायच्या आत उठले. अंघोळ नाही, चूळ नाही. मनात पाप होतं, तेच आधी लिहिते. तुळशीमागची ऑईलची बाटली घ्यायची आणि पुठ्ठ्यावर एक थेंब टाकायचा. एकच. मग परत खोलायला लागेल, परत युसुफभाई खुर्चीत, परत लुगडं, परत पोतं. दिवाळीपर्यंत ह्यांचा हात माझ्या हातावर. मग पुढचं पुढं.
नीलेशचा तो चेहरा आठवत होता. तरी निघाले.

तुळशीमागे बाटली नव्हती.

वाटलं आईंनी उचलली, खोबरेल समजून. केसांना लावलं असेल तर कल्याण! मग फटफटलं तशी दिसली. मागच्या चाकाला टेकून उभी. झाकण लावलेलं, पण वाकडं, आटे न जुळता.
पुठ्ठ्यावर थेंब होता. एक. गोल, काळा.
मी पदर खोचून खाली सरकले. सिलाच्या कडेनं बोट फिरवलं. कोरडं. पुन्हा फिरवलं, थाळीच्या मागून, खालून, सगळीकडून. एकदम कोरडं. सील गळत नव्हतं. मीच बसवलंय ते.
आणि सरकून बाहेर येताना लक्षात आलं. गाडीखाली जायचं तर उजव्या कोपरावर भार द्यावा लागतो, दुसरा उपायच नाही. ह्यांना तर नाहीच. म्हणजे उजवा हात अडकलेला. म्हणजे बाटलीचं झाकण...
मी घट्ट लावलं होतं ते. मला माहीत आहे किती घट्ट लावलं होतं.
तिथंच चाकाला टेकून बसले. हसू का रडू कळेना, दोन्ही झालं.

घरात आले तर हे भिंतीकडं तोंड करून झोपलेले. म्हणजे झोपल्याचं सोंग, ते झोपले की घोरतात. डावा हात उशीवर. बोटांना काळं, अंगठ्याला जास्त. सगळ्या खोलीत गिअर ऑईलचा वास, आणि हा माणूस झोपलाय!
परातीत कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, शेजारी बसले. एकेक बोट धुतलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. शेवटी अंगठा धूत होते तर त्यानं माझं बोट धरलं. नीट धरलं. सोडवायला गेले तर सुटेना लवकर.
"पुठ्ठा बघितलास?" डोळे मिटूनच.
"बघितला."
"मंग?"
"थेंब हाय."
"परत खोलायला लागल."
"लागल."

आता चहा झालाय. हे ओट्यावर. खोबरेलाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली मी मुद्दाम, वाकड्या झाकणाची. बघून न बघितल्यासारखं करतायत. कान लाल.
फोन वाजतोय. नीलेशच असणार, पुठ्ठा कसा निघाला विचारायला.
हे म्हणतात, "तू उचल. तुजा पोरगा हाय."
"तुमचा पन हाय. तुमी उचला."
अजून वाजतोय.